‘शैवाल गेलं तर प्रवाळ प्लवक खाईल’ : एका फॉरवर्डला उत्तर

एकच मजकूर गेल्या काही महिन्यांत चार वेगवेगळ्या ग्रुपांवरून माझ्याकडे आला. शेवटचा आमच्या काकांकडून, ‘तू प्राणिशास्त्र शिकलेला, वाच जरा’ अशा शेऱ्यासकट. मजकूर थोडक्यात असा: समुद्र तापल्यामुळे प्रवाळ मरतात ही नुसती ओरड आहे. प्रवाळ झाड नाही, प्राणी आहे. अंगातलं शैवाल निघून गेलं तर तो पाण्यातलं प्लवक (पाण्याबरोबर वाहत फिरणारे बारीक जीव) पकडून खाईल, आणि गरम पाण्यात प्लवक उलट वाढतं. अंगठीतल्या पोवळ्यात आणि खोल समुद्रातल्या प्रवाळांत तर शैवाल नसतंच, मग ते कसे जगतात? कार्बन डायऑक्साइड हे समुद्राचं खत आहे. मालवणचे प्रवाळ गढूळ पाण्यातही मजेत आहेत. आणि मुळात प्रवाळ २४ कोटी वर्षं टिकून आहेत.

हे ज्यानं लिहिलं तो अडाणी नाही. त्यातली निम्मी वाक्यं बरोबर आहेत, म्हणूनच उत्तर लिहायला बसलो. धडधडीत खोटं असतं तर काकांनाही पटलं नसतं.

एक गोष्ट आधी सांगतो, पुढे सगळीकडे ती लागणार आहे. प्रवाळ, समुद्रपंखे (पंख्यासारखे पसरणारे प्रवाळांचे भाऊबंद), स्पंज, शिंपल्यात राहणारी कालवं आणि शिनाणी हे सगळे पंगतीला बसलेले जीव आहेत. उठून स्वयंपाकघरात जाण्याची सोय त्यांना नाही. पाणी वाहत येईल, त्यातून जे येईल, ते पकडायचं किंवा गाळून घ्यायचं. म्हणजे भुकेचा प्रश्न ‘तोंड आहे की नाही’ एवढाच नसतो. वाढपी येतोय का, त्याच्या भांड्यात काय आहे आणि खाणाऱ्याची भूक किती वाढली आहे, हे तीन प्रश्न असतात. फॉरवर्डवाल्यानं फक्त तोंड मोजलं आहे.

‘प्रवाळ प्राणी आहे, शैवाल गेलं तर खाईल’

पहिला भाग शंभर टक्के खरा. प्रवाळाची वसाहत म्हणजे हजारो छोटे पॉलिप, प्रत्येकाला आपलं तोंड आणि स्पर्शिका. दिवसा बहुतेक जाती मिटून असतात. अंधार पडला की तळाजवळचे बारीक प्राणिप्लवक वर येतात आणि प्रवाळांच्या स्पर्शिका बाहेर पडतात. स्पर्शिकांवरच्या दंशपेशी भक्ष्याला टोचून लुळं करतात. काही जाती चिकट श्लेष्माचं जाळं पसरून बारीक कण गोळा करतात आणि मग ते जाळंच गिळतात. जीवाणू, मेलेल्या जीवांचा चुरा, असलं काहीही त्यांना चालतं.

पण उथळ, उजेडाच्या पाण्यातल्या प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेतली ९० टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त, त्याच्या पेशींत राहणारं शैवाल पुरवतं. ही मुख्यतः साखर आणि चरबी. नायट्रोजन आणि फॉस्फरस मात्र बऱ्याच अंशी शिकारीतून येतो. म्हणजे भात घरचा, डाळ बाहेरची. फॉरवर्ड म्हणतो, भात संपला तर डाळच जास्त खाऊ. कल्पना वाईट नाही, आणि हे खरोखर तपासूनही झालं आहे.

२००६ साली आंद्रेआ ग्रोटोली आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात हवाईच्या तीन जातींवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रवाळांचे तुकडे टाक्यांत तापवून त्यांतलं शैवाल घालवलं, म्हणजेच ते पांढरे केले, आणि मग परत समुद्रात ठेवून ते किती प्राणिप्लवक खातात हे मोजलं. मॉन्टिपोरा कॅपिटाटा या जातीनं खाणं इतकं वाढवलं की रोजची सगळी ऊर्जेची गरज नुसत्या शिकारीतून भागली. फॉरवर्डचं मूळ बहुधा इथेच असावं. पण त्याच प्रयोगातल्या पोराइट्सच्या दोन जातींनी खाणं वाढवलं नाही. त्या अंगातल्या साठ्यावर दिवस काढत राहिल्या. तीनपैकी एक पास झाला की वर्ग पास झाला असं कोणी म्हणत नाही.

आणखी एक बारकावा आहे, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हे खाणं मोजलं गेलं ते ताप उतरल्यावर. म्हणजे आजारातून उठताना कोण जास्त जेवतं याची ही नोंद आहे. आजार चालू असताना काय होतं, तो प्रश्न वेगळा. त्या काळात पाणी गरम असतं, शरीराचा खर्च वाढलेला असतो (थंड रक्ताच्या प्राण्यांत तापमान १० अंशांनी वाढलं तर हा खर्च ढोबळमानानं दुप्पट होतो), आणि नेमका तेव्हाच मुख्य पुरवठादार घर सोडून गेलेला असतो. नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्यापेक्षा पाणी १ अंश जास्त राहिलं आणि ते महिनाभर तसंच टिकलं, की शैवाल बाहेर पडायला लागतं. दोन महिने टिकलं की मरण सुरू होतं. एवढीशीच सवड असते.

प्रयोगशाळा नको असेल तर समुद्राकडेच बघू. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ आणि २०२३ पासून पुढे, अशी चार वेळा जगभर एकाच वेळी प्रवाळांचं विरंजन (शैवाल जाऊन पांढरं पडणं) झालं. चौथ्या वेळी मार्च २०२५ पर्यंत जगातल्या ८४ टक्के प्रवाळ क्षेत्राला विरंजन होण्याइतका ताप लागला होता. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफनं २०१६ च्या एका लाटेत उथळ पाण्यातले सुमारे ३० टक्के प्रवाळ गमावले. आपल्या लक्षद्वीपमध्ये १९९८ पासूनच्या सुमारे २४ वर्षांत जिवंत प्रवाळांचं आच्छादन जवळपास निम्म्यावर आलं. या सगळ्यांना तोंड होतं, स्पर्शिका होत्या, दंशपेशीही होत्या.

‘गरम पाण्यात प्लवक वाढतं’

काचेच्या चंबूत, खत घालून, हो.

समुद्रात खत तळाकडे असतं आणि उजेड वर. वनस्पतिप्लवकाला दोन्ही लागतात. वारा आणि प्रवाह पाणी ढवळतात तेव्हा खालचं नायट्रेट, फॉस्फेट वर येतं आणि मग प्लवक फोफावतं. पाण्याचा वरचा थर तापला की हलका होतो आणि आमटीवरच्या तेलाच्या तवंगासारखा वर तरंगत राहतो. खालचं थंड, जड, सकस पाणी मग सहजी वर येत नाही. वरच्या थराला उजेड भरपूर मिळतो, पण खत मिळत नाही.

हे आपल्याच समुद्रात मोजलेलं आहे, तेही पुण्यात. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवलं की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पतिप्लवक २० टक्क्यांपर्यंत घटलं, आणि त्याचं कारण म्हणून त्यांनी याच तवंगाकडे बोट दाखवलं. वनस्पतिप्लवक घटलं की ते खाणारं प्राणिप्लवक घटतं, आणि प्रवाळ तेच प्राणिप्लवक खातात.

इथे कोणी म्हणेल, पण किनाऱ्यावर निळ्या चमकणाऱ्या लाटांचे व्हिडिओ दरवर्षी फिरतात, ते प्लवकच ना? प्लवकच. नॉक्टिल्युका नावाचा एका पेशीचा जीव. पण प्लवक म्हटलं की खाऊ, असं नाही. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटम या सूक्ष्म वनस्पतिप्लवकाचा बहर यायचा. आता बऱ्याच ठिकाणी त्याची जागा नॉक्टिल्युकाच्या हिरव्या रूपानं घेतली आहे. तिथल्या पाण्यात ऑक्सिजन कमी होत जाण्याशी हेल्गा गोम्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली या बदलाचा संबंध जोडला. नॉक्टिल्युकाची एक पेशी मिलिमीटरभरापर्यंत वाढते. नेहमीचे चिमुकले प्राणिप्लवक ती खाऊ शकत नाहीत. ती मुख्यतः जेलीफिश आणि सॅल्प (जेलीसारखे पारदर्शक, तरंगते प्राणी) यांच्या तोंडी जाते. थोडक्यात, भांडं भरलेलं दिसतं, पण त्यातलं आपल्या पंगतीला वाढता येत नाही.

वाढप्याची चाल हाही विषय आहे. प्रवाह फार मंद असेल तर वसाहतीजवळचं पाणी एकदा गाळून झाल्यावर तेच ते राहतं. फार जोराचा असेल तर स्पर्शिका वाकतात आणि भक्ष्य निसटतं. मधल्या वेगातच जेवण नीट होतं. उन्हाळ्यातली निवांत, आरशासारखी समुद्राची पाटी आपल्याला सुंदर वाटते. तळाला बसलेल्यांसाठी तो उपास असतो, आणि विरंजनाची लाट बहुतेकदा नेमक्या अशाच शांत, निरभ्र आठवड्यांत येते.

‘पोवळ्यात शैवाल नसतंच, त्याचं काय बिघडलं?’

फॉरवर्डमधला हा सर्वांत हुशार मुद्दा. काकांनी तर आपल्या अनामिकेतल्या पोवळ्याचा फोटोच सोबत पाठवला होता. मंगळासाठी घातलेलं, सराफानं ‘इटालियन’ म्हणून दिलेलं.

तेव्हा इटलीच्याच समुद्रात जाऊ. लाल पोवळं भूमध्य समुद्रात कपारी, गुहा आणि कड्यांच्या सावलीत वाढतं. शैवाल त्यात नाही हे खरं. ते सर्वस्वी पाण्यातल्या कणांवर आणि सूक्ष्म जीवांवर जगतं. म्हणजे फॉरवर्ड ज्याची स्वप्नं दाखवतो तो, नुसता खाऊन जगणारा प्रवाळ हाच. शैवाल जाण्याचा धोका नाही, उजेडाची गरज नाही. मग १९९९ साली फ्रान्समधल्या प्रोव्हान्स आणि इटलीतल्या लिगुरियाच्या किनाऱ्यावर आणि पुन्हा २००३ साली पोवळी आणि समुद्रपंखे मोठ्या संख्येनं का मेले?

भूमध्य समुद्रात उन्हाळा म्हणजे दुष्काळाचे महिने. पाणी थरांत विभागलं जातं आणि कण कमी होतात. तळावरचे गाळून खाणारे बरेच जीव या काळात जवळजवळ झोपी जातात: पॉलिप मिटून, खाणं थांबवून, साठवलेल्यावर. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भात लावायचा आणि उन्हाळ्यात तो खायचा, तसंच त्यांचं वर्ष बेतलेलं असतं. हिवाळा-वसंतात भरपूर खाऊन ठेवायचं, उन्हाळा काढायचा. हिशेब जुळतो तो उन्हाळा ठरल्या वेळी संपतो म्हणून.

राफेल कोमा आणि सहकाऱ्यांनी २००९ साली वायव्य भूमध्य समुद्राच्या १९७४ ते २००६ अशा ३३ वर्षांच्या तापमान नोंदी तपासल्या. उन्हाळी परिस्थिती सुमारे ४० टक्क्यांनी लांबली होती. प्राण्यांवर त्यांनी प्रयोगातही असा लांबलेला उन्हाळा लादला, म्हणजे गरम पाणी आणि कमी अन्न. शरीराचं वस्तुमान एक तृतीयांशाहून जास्त घटलं आणि मरतुक सुरू झाली. उष्णता स्वतःही मारते, रोगजंतूही त्या वेळी जोर धरतात, हे मी नाकारत नाही. पण ज्याची कोठी रिकामी झाली आहे तो या दोघांपुढे किती टिकणार?

आता कोणी म्हणेल, पोवळी तर दागिन्यांसाठी माणसांनीच ओरबाडली. ओरबाडली, खरं आहे. नेपल्सजवळचं टोरे देल ग्रेको हे गाव शतकानुशतकं त्यावरच जगलं. पण भूमध्य समुद्रातल्या कोर्सिका बेटाजवळच्या स्कांदोला या संरक्षित क्षेत्रात, जिथे तोडायला बंदी आहे, २००३ च्या लाटेत सापडलेल्या पोवळ्यांच्या एका वस्तीवर पुढची १५ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. तिचं जैववस्तुमान सावरण्याऐवजी सुमारे ९३ टक्क्यांनी घटलं. मधल्या वर्षांत पुन्हा पुन्हा उष्णतेच्या लाटा येत राहिल्या.

खोल समुद्रातल्या प्रवाळांची गोष्ट याच वाटेनं जाते, फक्त हळू. नॉर्वेच्या रोस्ट बेटांजवळ ३०० ते ४०० मीटर खोलीवर ३५ किलोमीटरच्या आसपास लांबीचा प्रवाळ पट्टा आहे. तो २००२ साली सापडला. तिथे अंधार आणि गार पाणी, पण जेवण वरूनच येतं: वरच्या थरात मेलेलं प्लवक, विष्ठा, चुरा, ज्याला सागरी हिम म्हणतात. स्कॉटलंडच्या मिंगुले रीफवर भरती-ओहोटीच्या वेळी वरचं अन्नभरलं पाणी थेट खाली ओतलं जातं, तेव्हा त्या प्रवाळांची पंगत बसते. वरचं उत्पादन कमी झालं आणि ढवळणं मंदावलं की खाली पडणारं हिमही कमी होणार. उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर या शतकाच्या अखेरीस जगभरच्या समुद्रतळावरचं एकूण जैववस्तुमान ५ टक्क्यांच्या आसपास घटेल, असा एक अंदाज २०१४ साली मांडला गेला. त्याच अंदाजात ईशान्य अटलांटिकच्या खोल भागात ही घट कितीतरी मोठी आहे. म्हणजे स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर आणि जेवणारे तळघरात. वरची चूल मंदावली की तळघराला कळायला वेळ लागतो, एवढाच फरक.

‘कार्बन डायऑक्साइड म्हणजे खत’

यावर फार वेळ घालवत नाही. समुद्राच्या पाण्यात विरघळलेला कार्बन आधीच मुबलक आहे. प्रवाळातल्या शैवालाची अडचण कार्बनच्या तुटवड्याची नाही. जास्तीचा कार्बन डायऑक्साइड पाण्याची आम्लता वाढवतो (औद्योगिक क्रांतीपासून सुमारे ३० टक्के), आणि त्यामुळे चुनखडीचा सांगाडा बांधायला प्रवाळाला जास्त ऊर्जा खर्च करावी लागते. म्हणजे भूक आणखी वाढते.

आणि ताटात काय पडतं तेही बघायला मिळालं आहे. पापुआ न्यू गिनीच्या मिल्ने बे प्रांतात ज्वालामुखीमुळे समुद्रतळातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे नैसर्गिकरीत्या निघतात. फॉरवर्डच्या हिशेबानं तिथे खताची विहीरच आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा जागी प्रवाळांत राहणारं प्राणिप्लवक शेजारच्या साध्या जागेच्या जेमतेम एक तृतीयांश आढळलं. तिथे फांद्याफांद्यांचे प्रवाळ कमी आणि गोटे-गोटे झालेले जास्त, त्यामुळे प्लवकाला लपायला जागा नाही.

‘मालवणचे प्रवाळ मजेत आहेत’

इथे मी अर्धा हात वर करतो. गढूळ पाण्यातले काही प्रवाळ कण जास्त खायला शिकलेले असतात. ग्रेट बॅरियर रीफच्या किनारी भागात हे २००० सालीच दिसलं आहे. मालवणला पावसात गड नदीचं तांबडं पाणी येतं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी एरवीही नितळ नसतं, आणि तरीही तिथे टर्बिनेरिया, पोराइट्ससारखे प्रवाळ टिकून आहेत. १९८७ साली अभयारण्य जाहीर झालं ते उगीच नाही. ते चिवट आहेत, याबद्दल वाद नाही.

‘मजेत’ मात्र नाहीत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१४ ते २०१९ या काळात मालवणात पुन्हा पुन्हा विरंजन नोंदवलं आहे. गढूळपणाही सगळा अन्न नसतो. मातीचा कण आणि प्लवकाचा कण दोन्ही अंगावर पडतात, पण माती पोटात घालून काही मिळत नाही. ती झटकायला प्रवाळाला श्लेष्म सोडावा लागतो, आणि श्लेष्म म्हणजे खर्चच. डोंगर खोदून रस्ता केला की पावसात जे खाली येतं ते याच खात्यावर मांडावं लागेल.

एका ग्रुपवर कुणीतरी याच्या खाली लिहिलं होतं, ‘मग सांडपाणी सोडा, खायला होईल’. विनोद असेल, पण उत्तर देतो. सांडपाण्यातलं विरघळलेलं नायट्रोजन प्रवाळ ताटात घेत नाही, ते शैवाल घेतं. नायट्रोजन जास्त आणि फॉस्फरस अपुरा अशी विषमता झाली तर शैवालाची अवस्था बिघडते आणि प्रवाळ कमी तापातही पांढरा पडतो. २०१३ साली हे दाखवून झालं आहे.

खडकावरची कालवं आणि शिनाणी प्रवाळाहून सोशिक, हे कोकणात कोणालाही सांगावं लागणार नाही. पण त्यांचा सोशिकपणा कशात आहे ते बघा: पाणी फार गोडं झालं, फार तापलं की शिंपले मिटून घ्यायचे. मिटलेल्या शिंपल्यात पाणी जात नाही, म्हणजे जेवणही जात नाही. चार दिवसांचं संकट असेल तर युक्ती चांगली आहे.

‘२४ कोटी वर्षं टिकलेत’

वंश टिकला. रीफ, म्हणजे प्रवाळांनी बांधलेल्या चुनखडीच्या भिंती, टिकल्या नाहीत. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी ट्रायासिक काळाच्या शेवटी समुद्र तापला, आम्ल झाला, आणि प्रवाळांच्या रीफ लाखो वर्षं जवळजवळ नाहीशा झाल्या. काही जाती कुठेतरी तग धरून राहिल्या आणि नंतर पुन्हा पसरल्या. लक्षद्वीपच्या माणसाला लाखो वर्षं थांबता येत नाही. त्याचं बेट आज प्रवाळाच्याच चुऱ्यावर उभं आहे.

हे सगळं काकांना पाठवलं. दोन दिवस निळी टिक, उत्तर नाही. मग फोन आला. प्लवक, तवंग, मालवण यांतलं काहीच त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की माझ्या अंगठीतलं पोवळं किती वर्षांचं असेल रे? लाल पोवळ्याचं खोड वर्षाला साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर जाड होतं. त्यांचं पोवळं ८ मिलिमीटर रुंद आहे, आणि घासून पॉलिश करताना गेलेलं वेगळंच. म्हटलं, कमीत कमी २५ ते ३० हिवाळे जेवलंय आणि तितकेच उन्हाळे उपाशी राहिलंय.